यील्ड स्ट्रेस मोजताना आकडा का हलतो, आणि तो नीट कसा मोजायचा

एकाच बरणीतला जेल तिघांनी मोजला की तीन वेगळे यील्ड स्ट्रेस हाती येतात, आणि मग खापर रिओमीटरवर (नमुना फिरवून तो कसा वाहतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) फुटतं. यंत्र बहुतेक वेळा निर्दोष असतं. जेल, पेस्ट, इमल्शन, फेस, मातीचा चिखल, रंग या सगळ्यांची आतली रचना अव्यवस्थित असते: कण किंवा थेंब एकमेकांच्या गर्दीत अडकलेले, पण स्फटिकासारखी नेमकी मांडणी कुठेच नाही. कमी ताण दिला तर असा पदार्थ घनासारखा थोडा ताणला जातो आणि तिथेच थांबतो. एका मर्यादेपुढे कण जागा सोडायला लागतात आणि पदार्थ वाहतो. ती मर्यादा म्हणजे यील्ड स्ट्रेस. पण ही मर्यादा घनतेसारखी पक्की नसते. नमुन्याला आधी किती ढवळलं, नंतर किती वेळ स्वस्थ ठेवलं, आणि मोजताना किती वाट पाहिली, या तिन्हींवर ती अवलंबून असते. त्यामुळे ‘स्टार्ट’ दाबण्याआधीचं काम नंतरच्या कामाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि घाई नेमकी तिथेच केली जाते.

## टप्पा १: पदार्थ कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

दोन ढोबळ गट आहेत. पहिल्या गटात कार्बोपॉलचा (पाण्यात फुगणाऱ्या पॉलिमर भुकटीचा) जेल, घट्ट इमल्शन, फेस. हे ढवळून थांबवले की काही क्षणांत पूर्ववत होतात. दुसऱ्या गटात बेंटोनाइटचा चिखल, सिमेंट पेस्ट, बरेचसे रंग. यांच्या कणांमध्ये आकर्षण असतं. स्वस्थ ठेवलं की आत जोडण्या वाढत जातात, ढवळलं की तुटतात. यालाच थिक्सोट्रॉपी म्हणतात.

ओळखायची सोपी रीत: नमुना जोरात शिअर करा (थर एकमेकांवरून सरकतील असा फिरवा), मग १० सेकंद थांबा आणि अगदी कमी, स्थिर शिअर रेटवर (थर सरकण्याच्या वेगावर) ताण कसा चढतो ते नोंदवा. पुन्हा शिअर करा, या वेळी १०० सेकंद थांबा. मग १,००० सेकंद. सुरुवातीला ताणाचं एक शिखर दिसेल. तिन्ही वेळा शिखर जवळपास तेवढंच राहिलं तर पदार्थ पहिल्या गटातला. थांबण्याच्या वेळेबरोबर ते ठळकपणे उंचावत गेलं तर दुसऱ्या गटातला.

बरेच जण याऐवजी शिअर रेट वर नेऊन खाली आणतात आणि दोन वक्रांमधल्या फटीवरून थिक्सोट्रॉपी ठरवतात. ही रीत फसवी आहे. प्रत्येक बिंदूला पुरेसा वेळ दिला नाही तर साध्या जेलमध्येही अशी फट दिसते.

तपासणी: दुसऱ्या गटातल्या पदार्थाला ‘एक’ यील्ड स्ट्रेस नसतो. चालू प्रवाह थांबतो तो ताण वेगळा (डायनॅमिक), आणि स्वस्थ पडलेला पदार्थ हलायला लागतो तो वेगळा (स्टॅटिक). तुम्हाला कोणता हवा आहे ते आत्ताच ठरवा. टाकीतल्या थांबलेल्या पंपाला पुन्हा जोर लावायचा असेल तर स्टॅटिक, उभ्या भिंतीवरचा थर ओघळून कुठे थांबेल ते हवं असेल तर डायनॅमिक.

## टप्पा २: नमुना तयार करा, आणि हवा काढा

कार्बोपॉलचं उदाहरण घेऊ, कारण सरावासाठी तो सगळ्यात सोयीचा. भुकटी ढवळत्या पाण्यात चाळून, थोडी थोडी करत टाका. एकदम ओतली तर बाहेरून ओली आणि आतून कोरडी अशा गाठी होतात आणि त्या सहजी सुटत नाहीत. भुकटी पूर्ण भिजली की मिश्रण आम्लधर्मी आणि पातळ असतं. मग सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण हळूहळू घालून पीएच ७ च्या आसपास आणा. कण फुगतात आणि जेल बनतो. इथून पुढे वेगवान मिक्सर बंद, रुंद पात्यांचा संथ ढवळ्या चालेल. फुगलेले कण जोराच्या शिअरने तुटतात, आणि मग तुम्ही मोजता तो वेगळाच, मऊ झालेला पदार्थ असतो.

आता हवेचे बुडबुडे. ‘रात्रभर ठेवला की निघून जातील’ ही समजूत इथे साफ चुकीची ठरते. पाण्यात १ मिमी व्यासाच्या बुडबुड्याला वर ढकलणारा ताण घनता गुणिले गुरुत्व गुणिले व्यास या हिशोबाने १० पास्कलच्या आतच भरतो. १० पास्कल किंवा त्याहून जास्त यील्ड स्ट्रेस असलेल्या जेलमध्ये तो बुडबुडा जागचा हलणार नाही. आठवडाभर ठेवा, तिथेच दिसेल. सेंट्रिफ्यूज वापरा. मात्र इमल्शन किंवा जड कणांची पेस्ट असेल तर सेंट्रिफ्यूजने थेंब आणि कण वेगळे पडतात. तिथे हवा आत शिरूच नये असं ढवळणं, किंवा हलका व्हॅक्यूम, एवढाच मार्ग उरतो.

सावधान: नमुना बारीक सुईच्या सिरिंजमधून कधीही भरू नका. सुईतला शिअर रेट प्रचंड असतो आणि थिक्सोट्रॉपिक पदार्थाचा सगळा इतिहास तिथेच पुसला जातो. रुंद चमचा किंवा स्पॅच्युला घ्या.

## टप्पा ३: भूमिती निवडा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथली आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

समांतर चकत्या. भरायला सोप्या, गॅप (दोन पृष्ठभागांमधलं अंतर) हवा तसा बदलता येतो. पण शिअर रेट मध्यभागी शून्य आणि कडेला सर्वाधिक असतो. सॉफ्टवेअर टॉर्कवरून (फिरवायला लागणाऱ्या जोरावरून) ताण काढतं तेव्हा पदार्थ पाण्यासारखा न्यूटोनियन आहे असं धरून चालतं. यील्ड स्ट्रेसच्या आसपास मात्र ताण केंद्रापासून कडेपर्यंत जवळपास सारखाच असतो. या फरकामुळे पडद्यावरचा आकडा खऱ्यापेक्षा एक तृतीयांशाने मोठा येतो: खरा ३० पास्कल असेल तर दिसेल ४०. दुरुस्ती केली नाही तर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळणारच नाहीत, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटत राहील.

शंकू आणि चकती. शिअर रेट सगळीकडे जवळपास एकसारखा, म्हणून ही दुरुस्ती लागत नाही. अडचण टोकाशी येते. १ अंशाच्या शंकूचं टोक कापलेलं असतं आणि तिथला गॅप काही दशक मायक्रोमीटरच असतो. गॅप सगळ्यात मोठ्या कणाच्या किमान १० पट हवा, हा नियम इथे लावला तर ५ मायक्रोमीटरच्या वरचे कण बादच. भरड पेस्टला शंकू नको.

व्हेन, म्हणजे पात्यांचा रोटर. भरड, घट्ट आणि थिक्सोट्रॉपिक नमुन्यांसाठी हाच सर्वात भरवशाचा. पाती नमुन्यात अलगद शिरतात, आतली रचना फारशी मोडत नाही, आणि पदार्थ पात्यांच्या टोकांमधून जाणाऱ्या काल्पनिक दंडगोलावर स्वतःच्याच अंगावर घसरतो. टॉर्कचं ताणात रूपांतर करायचं तर पाई गुणिले व्यासाचा घन भागिले २, आणि त्याला उंची-व्यास गुणोत्तर अधिक एक तृतीयांश या बेरजेने गुणा. या गुणकाने टॉर्कला भागलं की ताण मिळतो. २० मिमी व्यास आणि ४० मिमी उंचीच्या व्हेनला ५० पास्कलसाठी सुमारे १.५ मिलिन्यूटन-मीटर टॉर्क लागतो. पूर्ण बुडालेल्या व्हेनसाठीच हे गणित आहे. वरची कड पृष्ठभागाशी समपातळीत असेल तर एक तृतीयांशाऐवजी एक षष्ठांश धरा.

भिंतीवरची घसरण. गुळगुळीत धातूला किंवा काचेला लागून द्रवाचा अतिशय पातळ थर तयार होतो. आतला जेल तसाच्या तसा राहतो आणि अख्खा गोळा त्या थरावरून सरकतो. यंत्राला वाटतं पदार्थ वाहतोय. म्हणून दोन्ही पृष्ठभाग खरखरीत घ्या: सँडब्लास्ट केलेले, खाचा पाडलेले, नाहीतर वॉटरप्रूफ सँडपेपर चिकटवलेले. खरखरीतपणा कणाच्या आकाराइतका तरी हवा. फक्त वरची चकती खरखरीत करून थांबणारे बरेच आहेत. घसरण मग खाली होते.

तपासणी: समांतर चकत्या वापरून दोन वेगळ्या गॅपवर, समजा १ मिमी आणि २ मिमीवर, शिअर रेटसमोर ताणाचा तोच वक्र काढा. वक्र एकमेकांवर बसले तर घसरण नाही. कमी शिअर रेटच्या बाजूला ते फाकले तर आहे, आणि तिथले बिंदू यील्ड स्ट्रेससाठी वापरू नका.

## टप्पा ४: यंत्र तयार करा आणि नमुना भरा

हा भाग थोडक्यात, पण याच क्रमाने. तापमान स्थिर होऊ द्या. शून्य गॅप त्याच तापमानाला ठरवा, कारण धातू तापला की लांबतो आणि गॅप बदलतो. रोटरचं इनर्शिया आणि बेअरिंगच्या घर्षणाची दुरुस्ती करून घ्या. एखादं प्रमाणित तेल मोजून विस्कॉसिटी जुळते का पाहा.

मग टॉर्कचा अंदाज घ्या. ४० मिमी व्यासाच्या शंकूवर १० पास्कलचा टॉर्क सुमारे ०.१७ मिलिन्यूटन-मीटर होतो, अडचण नाही. ०.१ पास्कलचा पदार्थ असेल तर तो त्याच्या शंभरावा भाग. तुमच्या यंत्राची खालची मर्यादा त्याच्या जवळ असेल तर मोठा रोटर घ्या.

नमुना गरजेपेक्षा किंचित जास्त ठेवा. डोकं सावकाश खाली आणा, ठरलेल्या गॅपच्या थोडं वर थांबा, कडेचा जादा माल सपाट पात्याने पुसा आणि मग उरलेलं अंतर उतरा. कड सरळ किंवा किंचित फुगीर दिसली पाहिजे. खोबण दिसली तर माल कमी आहे. वरून चिकटवू नका, पुन्हा भरा. सॉल्व्हेंट ट्रॅप आत्ताच लावा. पुढचं मोजमाप तासाच्या आसपास चालतं आणि तेवढ्या वेळात कडेचा जेल वाळून आकडा वर चढतो.

## टप्पा ५: प्रीशिअर आणि विश्रांती

भरताना नमुना दाबला गेला, पसरला, खेचला गेला. हा इतिहास प्रत्येक वेळी वेगळा असतो, तो मोजण्याआधीच्या ठरावीक शिअरने (प्रीशिअरने) पुसून सगळ्यांना एकाच रेषेवर आणायचं आहे. सुरुवातीला दर सेकंदाला १०० या शिअर रेटवर ६० सेकंद चालवून पाहा. पण घड्याळापेक्षा टॉर्ककडे लक्ष ठेवा: तो सपाट झाला की प्रीशिअर पुरा. घसरतच राहिला तर कडेने माल बाहेर फेकला जातोय किंवा कड फाटतेय. रेट कमी करा.

थांबवायचं कसं, यावर फार कमी लोक विचार करतात. मोटर शून्य वेगाला रोखून धरली तर नमुन्यात ताण अडकून राहतो, आणि अव्यवस्थित पदार्थात तो पूर्ण ओसरत नाही. ताण शून्य केला तर नमुना थोडा उलटा फिरून सैल होतो. मी दुसरा पर्याय निवडतो. पण शून्य ताण दिला तरी आधीच्या दिशेची आठवण आत उरतेच: ज्या दिशेला प्रीशिअर केलं त्याच्या उलट दिशेला पदार्थ लवकर नमतो. म्हणून प्रीशिअर आणि मोजमाप यांची दिशा प्रत्येक वेळी तीच ठेवा.

विश्रांती साध्या जेलला मिनिटभर पुरते. थिक्सोट्रॉपिक पदार्थाची विश्रांतीची वेळ हीच मोजमापाची अट असते. ती न लिहिता दिलेल्या स्टॅटिक आकड्याला अर्थ नाही.

तपासणी: प्रीशिअर आणि विश्रांती लागोपाठ तीनदा करा, आणि प्रत्येक विश्रांतीनंतर बारीक दोलनाने (१ हर्ट्झ, स्ट्रेन म्हणजे सापेक्ष विरूपण ०.१ टक्का) स्थितिस्थापक मॉड्युलस, म्हणजे पदार्थाचा घनासारखा ताठरपणा, वाचा. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: फ्लो कर्व्ह वरून खाली काढा

फ्लो कर्व्ह म्हणजे शिअर रेटसमोर ताणाचा वक्र. शिअर रेट १०० पासून ०.००१ प्रति सेकंदपर्यंत उतरत न्या, दर दशकात (रेट दहापट बदलतो तेवढ्या अंतरात) ५ बिंदू. चढत गेलात तर सुरुवातीच्या बिंदूंमध्ये वाहणं आणि स्थितिस्थापक ताणलं जाणं यांची सरमिसळ होते.

प्रत्येक बिंदूला किती वेळ? किमान इतका की त्या रेटवर एकूण स्ट्रेन १ भरावा, म्हणजे वेळ बरोबर १ भागिले शिअर रेट. ०.००१ वर हे १,००० सेकंद होतात. पाचच्या हिशोबाने सगळे बिंदू धरले तर बेरीज जवळपास २,७०० सेकंद, म्हणजे पाऊण तास. यंत्रातली ‘प्रत्येक बिंदूला १० सेकंद’ ही तयार सेटिंग घेतली तर खालच्या टोकाचा अख्खा भाग चुकीचा येतो, आणि यील्ड स्ट्रेस तर तिथेच वाचायचा असतो.

वक्र हाती आल्यावर डाव्या बाजूचा आकार पाहा. सपाट पठार दिसलं तर उत्तम. पठार येऊन मग ताण अचानक खाली कोसळला तर घसरण. टप्पा ३ वर परत जा. रेट कमी होताना ताण उलट वाढू लागला तर पदार्थ मोजतानाच घट्ट होतोय, किंवा नमुन्याचा एक पट्टा वाहतोय आणि बाकीचा थांबलाय. त्या भागात यंत्राने दाखवलेला शिअर रेट नमुन्यात कुठेच नसतो, म्हणून तो वगळा.

## टप्पा ७: समीकरण बसवा

१९२६ सालचं हर्शेल-बल्कली समीकरण इथे नेहमीचं: ताण बरोबर यील्ड स्ट्रेस, अधिक एक स्थिरांक गुणिले शिअर रेटचा घात. मऊ कणांच्या दाट गर्दीत हा घातांक बहुधा ०.५ च्या आसपास येतो. तुमचा ०.९ आला तर आधी डेटाकडे पाहा.

सर्वात जुनी चूक म्हणजे वरच्या रेटवरच्या बिंदूंमधून सरळ रेघ ओढून ती शून्यापर्यंत नेणं. किती फरक पडतो ते आकड्यांत पाहा. समजा खरा यील्ड स्ट्रेस २० पास्कल, स्थिरांक १० आणि घातांक ०.५. मग १०० प्रति सेकंदला ताण १२० आणि ५० ला सुमारे ९०.७ पास्कल. या दोन बिंदूंतून रेघ ओढा: ती ताणाच्या अक्षाला ६१ पास्कलपाशी छेदते. उत्तर तिप्पट! आणि रेघ त्या दोन बिंदूंवर इतकी सुबक बसलेली असते की कुणाला शंकाही येत नाही.

दुसरी चूक वजनांची. साध्या लीस्ट स्क्वेअर्समध्ये मोठ्या ताणाचे बिंदू निकाल आपल्याकडे ओढतात आणि डावीकडचं पठार दुर्लक्षित राहतं. सापेक्ष फरकावर फिट करा. आणि सगळ्यात खालचे दोन-तीन बिंदू काढून पुन्हा फिट करा. यील्ड स्ट्रेस १० टक्क्यांहून जास्त हलला तर तुमची रेंज पुरेशी खाली गेलेली नाही.

## टप्पा ८: क्रीपने उलटतपासणी

फिटमधून आलेल्या आकड्याच्या ०.७, ०.८, ०.९, १.०, १.१ आणि १.२ पट ताण एकेक करून द्या. प्रत्येकाआधी टप्पा ५ नव्याने करा. एकावर एक पायऱ्या चढवू नका. ताण स्थिर ठेवून स्ट्रेन वेळेबरोबर कसा वाढतो ते पाहा, यालाच क्रीप म्हणतात. मर्यादेखाली वेग सतत मंदावत जातो, मर्यादेच्या वर तो एका किमतीला स्थिरावतो. पहिल्या सेकंदाच्या आसपास दिसणारी थरथर रोटरच्या इनर्शियाची आणि पदार्थाच्या स्थितिस्थापकतेची आहे, ती सोडून द्या.

सावधान: मर्यादेखाली ठरावीक वेळी विस्कॉसिटी वाचली तर एक प्रचंड, पण मर्यादित आकडा मिळतो, आणि ‘हा तर अतिशय दाट द्रव, यील्ड स्ट्रेस वगैरे काही नाही’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. त्याआधी तोच ताण दहापट जास्त वेळ ठेवा. आकडा वाढतच गेला तर तो विस्कॉसिटी नव्हता, तुमच्या घाईचं मोजमाप होतं.

मर्यादेच्या अगदी जवळ उलटंही घडतं. नमुना बराच वेळ जवळजवळ थांबल्यासारखा दिसतो आणि मग एकाएकी वाहू लागतो. म्हणून ‘वाहिला नाही’ असं लिहू नका, ‘इतक्या सेकंदांत वाहिला नाही’ असं लिहा.

दोलनाचा अॅम्प्लिट्यूड स्वीप (दोलन हळूहळू मोठं करत नेणं) झटपट होतो म्हणून लोकप्रिय आहे. स्थितिस्थापक आणि द्रवासारखा अशा दोन्ही मॉड्युलसचे वक्र जिथे एकमेकांना छेदतात तो ताण तुलनेसाठी चालतो, पण तो वारंवारतेबरोबर सरकतो आणि फ्लो कर्व्हच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. एकटा तो देऊ नका.

## टप्पा ९: यंत्राबाहेरची तपासणी

खरखरीत फळीवर जाणत्या जाडीचा रुंद थर पसरा आणि फळी सावकाश कलती करा. थर सुटतो त्या क्षणीचा ताण म्हणजे घनता गुणिले गुरुत्व गुणिले जाडी गुणिले कोनाचा साइन. पाण्याइतक्या घनतेचा ५ मिमीचा थर २० अंशांवर सुटला तर सुमारे १७ पास्कल. हा स्टॅटिक आकडा झाला. डायनॅमिक हवा असेल तर कलत्या फळीवर माल वाहू द्या, तो आपणहून थांबल्यावर उरलेली जाडी मोजा आणि तेच गणित करा.

फळी आणि रिओमीटर २० टक्क्यांच्या आत जुळले तर समाधान माना. त्याहून जास्त फरक पडला तर संशय या क्रमाने घ्या: फळीचं उत्तर खूप मोठं असेल तर रिओमीटरमधली घसरण, रिओमीटरचं सुमारे एक तृतीयांशाने मोठं असेल तर समांतर चकत्यांची राहिलेली दुरुस्ती, रिओमीटरचा आकडा दर वेळी थोडा थोडा चढत असेल तर वाळलेली कड, आणि कोणताच कल न दाखवता आकडे नुसते विखुरलेले असतील तर प्रीशिअर अपुरा. अहवालात आकड्याशेजारी भूमिती, पृष्ठभाग, गॅप, प्रीशिअर, विश्रांती, खालचा शिअर रेट आणि तापमान ही सात माहिती लिहा. यातली विश्रांतीची वेळ लिहायची सगळ्यात जास्त राहून जाते.